कावळ्याचा कोट

फोटो दारातून आत येईना.

दादाकाकांनी आजवर या लाँड्रीत आणलेली एकही वस्तू पहिल्या झटक्यात आत आलेली नव्हती. आरशाचं कपाट अडकलं होतं, डुलती खुर्ची अडकली होती, आणि आई तर म्हणायची की लग्नानंतर काकूलासुद्धा जरा तिरकं करूनच आत घ्यावं लागलं होतं. हे ती हळू आवाजात म्हणायची, पण काकूला नेमकं ऐकू जाईल इतक्याच हळू.

"उजवीकडून उचल! अरे, तुझी उजवी!" दादाकाका रस्त्यावर उभे राहून ओरडत होते.

"दादा, माझी उजवी म्हणजे तुझी डावी," आतून बाबा म्हणाले.

"हेच! लहानपणापासून हेच तुझं. प्रत्येक गोष्ट उलटी!"

शेवटी फ्रेमवाल्याने फोटो आडवा केला, बाबांनी पोट आत घेतलं, आणि अख्खं खानदान एकदाचं लाँड्रीत शिरलं. धुवून तयार कपड्यांच्या रांगेला टेकवून फोटो उभा केला. त्यावर चादर घातलेली होती. चादर अर्थातच गिऱ्हाइकाची.

भोंगाला हे सगळं बघून टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. भोंगा म्हणजे बाबांची मुलगी. आवाजावरून गल्लीने हे नाव ठेवलं होतं. आधी ती त्यावर रडायची, पण शाळेत वक्तृत्वाची ढाल मिळाल्यापासून ते नाव तिला पदवीसारखं वाटू लागलं होतं. आज संध्याकाळी गल्लीच्या हॉलमध्ये 'आपली गल्ली, आपलं बालपण' असा मोठा कार्यक्रम होता. प्रत्येक घराने आपला जुना फोटो आणायचा, म्हाताऱ्यांनी आठवणी सांगायच्या, आणि शेवटी हात वर करून गल्ली समितीचा नवा अध्यक्ष निवडायचा. माइकवर भोंगा. अध्यक्षपदाला दादाकाका. बाकीच्यांनी हातात मावतील एवढे फोटो आणले होते. दादाकाकांनी आपला दाराएवढा करून आणला.

"माणसाचं मोठेपण दिसावं लागतं," ते घाम पुसत म्हणाले. मग आरशासमोर जाऊन त्यांनी रांगेतला एक करडा कोट काढला आणि अंगावर चढवला. त्यांचे कपडे इस्त्रीला इथेच असायचे, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

फक्त बाबा म्हणाले, "दादा, तो कोट..."

"तू फोटो बघ रे!"

बाबांचं वाक्य नेहमीसारखं अर्ध्यात राहिलं. या घरात बाबांची अर्धी वाक्यं गोळा केली असती तर एक भलं थोरलं पुस्तक झालं असतं, पण त्यात क्रियापद एकही सापडलं नसतं.

कोपऱ्यातल्या स्टुलावर आत्या बसली होती. ती सकाळच्या बसने दुसऱ्या शहरातून आली होती, कितीतरी वर्षांनी. खांद्यावरची पिशवी तिने अजून उतरवली नव्हती. आईने तीनदा 'ठेवा हो ताई' म्हटलं होतं आणि आत्या तिन्ही वेळा 'असू दे' म्हणाली होती. या घरात तिने पिशवी खाली ठेवलेली भोंगाने कधी पाहिलीच नव्हती.

दादाकाकांनी घसा साफ केला आणि चादर ओढली.

"अगं बाई," काकू म्हणाली.

खरंच बघण्यासारखं होतं. खुर्चीत आजोबा, अंगात काळा झोकदार कोट. शेजारी आजी, खांद्यावर झुळझुळीत रेशमी शाल, मान अशी की मागे दहा नोकर उभे असावेत. पुढे लहानगे दादाकाका, खलाशी कॉलरच्या पांढऱ्याशुभ्र सुटात. आजीच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेले बाबा, तेव्हाही तोंड अर्धवट उघडं. हाच फोटो छोट्या आकारात दादाकाकांच्या दिवाणखान्यात लागलेला असे, आणि त्याच्याकडे बोट दाखवून ते प्रत्येक पाहुण्याला सांगत, "आमचे वडील मूळचे मोठे. लाँड्री आपली हौस म्हणून काढली." धुण्याची हौस असलेला माणूस जगात दुसरा झाला नसेल, पण कोटाकडे बघून लोक मान डोलवत.

आत्या उठली. फोटोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेली.

"छान झालाय," ती म्हणाली. "मी कुठंय?"

दादाकाका छताकडे बघू लागले.

"तू कडेला होतीस ना..."

"हो, कडेलाच होते. ती कडा कुठंय?"

"अगं, ते फ्रेमचं काहीतरी माप असतं. फ्रेमवाला म्हणाला, जागा कमी पडते. काय हो?"

"मी कुठे म्हणालो?" फ्रेमवाला भाबडेपणाने म्हणाला. "साहेबच म्हणाले, कडेची मुलगी काढून टाका, फोटो उठून दिसेल." मग सगळ्यांचे चेहरे बघून त्याला अचानक दुसरीकडे काम आठवलं आणि जे दार फोटोला अपुरं पडलं होतं त्यातून तो वाऱ्यासारखा निघून गेला.

"वन्सं, मनाला लावून घेऊ नका," काकू गोड आवाजात म्हणाली. "त्या फोटोत तुमचं तोंड तसंही फुगलेलंच होतं. आणि तो साधा शाळेचा फ्रॉक! सगळे कसे सजलेले, आणि तुम्ही तेवढ्या..."

"फोटो बिघडवणारी," आत्याने वाक्य पुरं केलं. "माहीत आहे. जन्मभर हेच ऐकलंय. लग्नातसुद्धा माझी ओळख करून दिली, ही फोटो बिघडवणारी."

"झालं ते झालं, ताई," आई म्हणाली. आईचं आजचं गणित सोपं होतं. दादाकाका अध्यक्ष झाले तर हॉलचे पडदे आणि टेबलावरची कापडं धुवायला या लाँड्रीत येणार होती. "भाऊजींच्या मनात काही वाईट नव्हतं. आजचा दिवस निभावून नेऊ."

"बरोबर बोललीस!" दादाकाकांना जोर आला. "अगं, तिथे वकील येणार, केमिस्ट येणार. मोठ्या लोकांसमोर आपण कोण म्हणून दिसायला हवं? लाँड्रीवाले?"

आईचा चेहरा इस्त्रीच्या तव्यासारखा तापला. "का? लाँड्रीवाले काय वाईट असतात? ताई, तुमचंच बरोबर आहे. फोटोतून काढलंच कसं यांनी तुम्हाला!"

"अगं, मी तसं नाही म्हणालो. आणि पडद्यांचं तर मी नक्कीच..."

"म्हणजे तसं बघितलं तर," आई जरा थंड होत म्हणाली, "कडेला जागा कमी असतेच."

भोंगाने मनातल्या मनात हिशेब ठेवणं सोडून दिलं. आई कुठल्या बाजूला आहे हे कळायला आता वारा कुठून येतो ते बघावं लागलं असतं.

आत्या हसली नाही, रडलीही नाही. तिने पिशवीचा पट्टा खांद्यावर नीट केला. "मी संध्याकाळच्या बसने जाते. मला वाटलं होतं, एकदा आपल्या गल्लीतल्या लोकांसमोर तरी या घरातली म्हणून उभं राहावं. फोटोतच नाही तर घरात कशाला? परत यायचं काही कारण मला दिसत नाही, दादा."

ती हे अगदी साधं म्हणाली. आत्या तिला आवडायची. फोनवर भाषण पाठ करून घेणारी, 'हळू नको, अजून मोठ्याने' असं म्हणणारी सगळ्या नात्यातली एकमेव बाई. ती परत येणार नाही म्हणजे काय? भोंगा फोटोच्या अगदी जवळ गेली आणि उगाच कापलेली कडा शोधू लागली. आणि मग तिला ते दिसलं.

"काका," ती म्हणाली. तिच्या आवाजाला हळू माहीत नव्हतं. "आजोबांच्या कोटाला कावळा का लावलाय?"

इस्त्रीच्या वाफेचा तेवढा फुस्स आवाज झाला.

कोटाच्या खालच्या काठाला, आतल्या बाजूने लटकणारी कापडी चिठ्ठी टाचणीने लावलेली होती. लहान फोटोत ती धुळीचा ठिपका वाटायची. आता तळहाताएवढी झाली होती, आणि तिच्यावर न धुतल्या जाणाऱ्या शाईने काढलेला कावळा चोच उघडून बसला होता.

"आजीच्या शालीला बेडूक आहे! आणि काका, तुमच्या सुटाला माशी!"

या चिठ्ठ्या भोंगा रोज बघायची. आजोबांना लिहिण्याचा कंटाळा, चित्रं काढण्याचा सोस. म्हणून त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक घराला एक खूण दिली होती. कपडा आला की त्याला त्या घराची चिठ्ठी टाचायची आणि कपडा परत देताना काढून घ्यायची. खूण कुठल्याही गिऱ्हाइकाला कधी दिसली नव्हती आणि ती दिसू नये याला कारण होतं. वकिलांच्या घराला कावळा, कारण थोरले वकील काळ्या कोटात कावकाव करत. गाण्याच्या बाईंना बेडूक, कारण सांगायला नको. केमिस्टच्या घराला माशी, कारण थोरले केमिस्ट बोलताना सारखे हात चोळत. बाबा अजून त्याच खुणा वापरत. 'आज माशी येऊन गेली, बटण तुटलं म्हणत होती' हे या घरात जेवताना सहज बोललं जाई.

"म्हणजे..." भोंगाच्या डोक्यात एकेक दिवा लागू लागला. "हा कोट वकिलांचा?"

"हवा देत होतो," बाबा म्हणाले.

बाबा पुरं वाक्य बोलले म्हणून सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"रविवारी दुपारी," ते इस्त्री उभी करून म्हणाले, "दुकान बंद झालं की आमचे अण्णा म्हणायचे, चला, कपड्यांना हवा द्या. हँगरवर कपडा नुसता लटकतो, अंगावर घातला की बसतो. मग आम्ही सगळे घालायचो. एकेक तास."

"तू तर दुपट्यात होतास तेव्हा!" आत्या म्हणाली, आणि तिच्या तोंडाचा कोपरा हलला. "तुला उशीच्या अभ्र्यात घालून हवा दिली होती. आठवतंय दादा? अभ्र्याला दोन्हीकडून भोकं नव्हती, म्हणून हा रडून रडून निळा झाला."

"मला काही आठवत नाही," दादाकाका म्हणाले, पण त्यांच्या आवाजात आता अध्यक्षाची खुर्ची नव्हती. "आधी ती शाई शोधा. काळी शाई! चिठ्ठ्या काळ्या करून टाकू. लवकर! समितीची माणसं न्यायला येतील. तू इथे थांब," ते काकूला म्हणाले, "आणि फोटोवर लक्ष ठेव."

खुणांची शाई मागच्या खोलीत, धुण्याच्या हौदाच्या वरच्या फळीवर असे. सगळे तिकडे धावले. आत्याही गेली, कारण बाबांनी तिचा हात धरून ओढलं. फळीवर शाईची बाटली होती, पण सुकलेली. तिच्यामागे मात्र आजोबांचा जुना डबा निघाला, आणि डब्यात चिठ्ठ्या. मांजर, घोरपड, भोपळा, फुटकी छत्री.

"छत्री!" आत्या म्हणाली. "ते पोस्टातले. त्यांच्या पँटच्या खिशात नेहमी अर्धं बिस्किट असायचं. दादा काढून खायचा."

"एकदाच खाल्लं."

"दर रविवारी खायचास! आणि त्यांना वाटायचं, त्यांची बायको खाते. दोघं त्यावरून भांडायची, इथपर्यंत ऐकू यायचं."

दादाकाका हौदाच्या कठड्यावर बसले. "आणि भोपळा? डॉक्टर! त्यांच्या पायजम्यात मी आणि ही, आम्ही दोघं मावायचो. एका पायात ती, एका पायात मी. तसेच गल्लीतून पळालो होतो."

"तू पुढे पळायचास, मी पडायचे."

"तू पडलीस की पायजमा उसवायचा आणि आई शिवत बसायची."

"आईला गाण्याच्या बाईंची शाल फार आवडायची," बाबा म्हणाले. "ती घेतली की ती गायची. एरवी कधी नाही."

भोंगाला वाटलं, आपल्याला न सांगता या तिघांकडे अख्खी गल्ली होती, आतल्या बाजूने, अस्तरासकट. बाहेरून ज्यांना नमस्कार करायचा त्यांच्या काखेतली ठिगळं यांना माहीत होती.

"मग आत्या," तिने विचारलं, "तुझ्या फ्रॉकला कुठली खूण होती?"

दादाकाकांनी बिस्किट अडकल्यासारखा घसा खाकरला.

"फोटोग्राफर यायचा होता त्या दिवशी," आत्या म्हणाली, "माझ्यासाठी लेसचा फ्रॉक काढून ठेवला होता. पण तो माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा होता. तिने तो मला शाळेत हजारदा दाखवला होता. मी म्हटलं, नाही घालणार. अण्णांनी दोन लगावल्या. तरी मी माझाच घातला. मग म्हणाले, उभी राहा कडेला." तिने पिशवीत हात घालून एक छोटा, कोपरे झिजलेला फोटो काढला. "हा आईने मला लग्नात दिला होता. आता अख्खा असलेला हाच एक आहे. दादाचा तर फ्रेमवाल्याने कापलाच."

फोटोत सगळ्या झगमगाटाच्या कडेला एक मुलगी उभी होती. साधा फ्रॉक, रडून सुजलेले डोळे, हनुवटी वर.

दादाकाकांच्या डोळ्यांत चमक आली. डोळ्यांत पाणी येईल असं भोंगाला वाटलं होतं, आली चमक. "अगं, हाच लावू या! हा लहान आहे, यात चिठ्ठ्या दिसतच नाहीत! तूही आहेस, सगळं झकास! मोठा इथेच राहू दे. मी सांगतो, फ्रेम तडकली."

"म्हणजे मी बरी, कारण मी असले की कावळा दिसत नाही?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. पण चालेल," आत्या थकून म्हणाली. "चालेल, दादा. लाव."

तेवढ्यात काकू पदर सावरत आत आली. "शाई मिळाली का? नाही मिळाली तरी चालेल म्हणा. ती माणसं आली होती, घेऊन गेली फोटो."

"घेऊन गेली?" दादाकाका किंचाळले. "मी तुला लक्ष ठेवायला सांगितलं होतं!"

"ठेवलं की लक्ष! नीट उचलतात का ते उभी राहून बघितलं. दारातून एकदम सरळ गेला हो. आपल्याकडे यायलाच काय ते अडतं."

हॉलपर्यंत ते सगळे पळाले. दादाकाका पुढे, करड्या कोटाची शेपटं उडवत. मागे बाबा, 'दादा, तो कोट' म्हणत. त्यांच्यामागे आई आणि काकू एकमेकींना दोष देत. आणि सगळ्यात शेवटी भोंगा, आत्याचा हात घट्ट धरून, कारण बसथांबा त्याच रस्त्यावर होता.

उशीर झाला होता. फोटो मंचाच्या मधोमध लागला होता आणि गल्ली त्याच्यासमोर गोळा झाली होती. सगळ्यात पुढे आताचे वकील, म्हणजे थोरल्या वकिलांचे चिरंजीव, चष्मा पुसत उभे होते.

"हा माझ्या वडिलांचा कोट आहे," ते म्हणाले. "डाव्या खिशावरचा रफू माझ्या आईने केलेला. आणि हा पक्षी कोणता?"

दादाकाका पांढरे पडले. मग लाल. मग त्यांनी दोन्ही हात पसरले, आणि भोंगाला त्या क्षणी कळलं की काही माणसं बुडताना हातपाय मारत नाहीत, भाषण करतात.

"बंधूंनो आणि भगिनींनो! आपण ओळखलंतच! आमच्या वडिलांचं स्वप्न होतं, एकाच फोटोत अख्खी गल्ली! म्हणून त्यांनी प्रत्येक थोर घराचा एकेक कपडा मानाने अंगावर धारण केला. आणि हा कावळा, वकीलसाहेब, म्हणजे बुद्धी! सर्वांत हुशार पक्षी!"

"हं," वकील म्हणाले. त्यांना ते पटलं.

"आणि माझ्या शालीला बेडूक कशाला?" खुर्चीतून गाण्याच्या बाईंनी विचारलं. त्या आता फार म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण आवाज तोच होता.

"आवाज, बाई! दूरवर जाणारा! त्याच्यावाचून पाऊससुद्धा येत नाही!"

बाई सुखावून मागे टेकल्या. आता खरी भानगड सुरू झाली. आपला कपडा का वापरला, असं कुणीच विचारेना. "आमचं काहीच का नाही?" बेकरीवाले रागावून म्हणाले. "आम्ही पहिल्यापासून तुमच्याकडेच टाकतो! आमचे शर्ट काय वाईट होते?" "वकिलांचा मधोमध आणि आमचं नावही नाही?" पोस्टवाल्यांचा मुलगा म्हणाला. "आमची खूण काय होती, ते तरी सांगा!" सगळीकडून मागण्या येऊ लागल्या. मांजर मिळालं तर हवं होतं, घोरपडसुद्धा चालणार होती. दादाकाका प्रत्येकाला 'तुमची खूण फार मोठी, नंतर सांगतो' असं आश्वासन देत होते, आणि त्या आश्वासनावर लोक हात वर करायच्या तयारीत होते. आईच्या डोळ्यांसमोर पडदे हलू लागले.

फोटोतला खलाशी सूट निरखत केमिस्ट तेवढे गप्प उभे होते.

आत्या दाराशी थांबली होती, पिशवी खांद्यावर. एकही माणूस तिला ओळखत नव्हता. का ओळखावं? कडाच कापलेली.

"निवेदिका कुठे आहे?" दादाकाकांनी टाळी वाजवली. "भोंगा, घे माइक. सांग आमच्या घराबद्दल दोन शब्द. दोनच हं!"

भोंगाने माइक हातात घेतला. घरी तिने दोन पानांचं भाषण तयार केलं होतं. त्यात 'रुबाब' हा शब्द पाच ठिकाणी होता. तिने दाराकडे बघितलं. आत्याने मान हलवली, नको म्हणून. पण फोनवर 'अजून मोठ्याने' म्हणणारी आत्याच होती ना? आता तिचंच ऐकायचं तर कुठलं ऐकायचं?

"हा फोटो अर्धा आहे," भोंगा म्हणाली. माइकची खरं तर गरज नव्हती. "यात आणखी एक जण होती. ती उठून दिसत नव्हती म्हणून काढून टाकली. आत्या, तुझा फोटो दे."

गर्दी दाराकडे वळली. आत्या हलेना. मग बाबा तिच्याकडे गेले, एक अक्षर न बोलता तिच्या हातातला फोटो घेतला आणि मंचावर आणून दिला. एवढं मोठं काम त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच अर्ध्यात सोडलं नव्हतं.

"हा इथे लावायचा," भोंगा म्हणाली आणि मोठ्या फ्रेमच्या कापलेल्या कडेवर तो धरला. "टाचणी आहे का कुणाकडे?"

कुणाकडे नव्हती. भोंगाने इकडेतिकडे बघितलं आणि तिला लाँड्रीतल्या मुलीच्या डोळ्यांनी टाचणी दिसली. करड्या कोटाच्या खालच्या काठाला, आतल्या बाजूला.

"काका, जरा थांबा." तिने वाकून ती काढली. फोटो कडेला टाचला गेला. आणि टाचणीबरोबर निघालेली कापडी चिठ्ठी दादाकाकांच्या बुटावर पडली.

केमिस्टनी वाकून ती उचलली. उलटी केली, सुलटी केली. त्यावर माशी होती. त्यांनी फोटोतल्या खलाशी सुटाकडे पाहिलं, मग समोरच्या करड्या कोटाकडे.

"दादासाहेब," ते हात चोळत म्हणाले, "सूट माझाच होता. कळलं, लहानपण होतं. पण कोटसुद्धा माझाच? मी तो परवा धुवायला टाकलाय."

"मी तेच सांगत होतो," बाबा म्हणाले. "सकाळपासून."

हॉलमध्ये जो हशा उसळला त्यात गाण्याच्या बाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता, आणि तो खरोखरच बेडकासारखा होता. दादाकाका कोट काढू लागले, मग आतल्या शर्टाला काय असेल या शंकेने थांबले. त्यांना वाचवायला काकू धावली. आईने पडद्यांकडे एकदा बघितलं, त्यांना मनातल्या मनात निरोप दिला आणि आत्याचा हात धरून तिला गर्दीतून मंचापर्यंत आणलं.

वकिलांनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि कडेच्या छोट्या फोटोपाशी वाकले. सुजलेले डोळे, हनुवटी वर.

"ही तूच ना, मुली?" ते आत्याला म्हणाले. आत्याला मुली म्हणणारं जगात आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. "आणि हा फ्रॉक? हा कोणाचा होता?"

आत्याने खांद्यावरची पिशवी काढली आणि मंचाच्या पायरीवर ठेवली.

"माझाच," ती म्हणाली.